चष्म्याच्या दुकानामागची खोली

प्रभाताई तोडकरी यांना मी पहिल्यांदा पाहिले ते मांजरसुंब्याच्या फाट्यावर. नेकनूरहून बीडला निघालेली आमची एसटी तिथे बंद पडली होती आणि सगळे प्रवासी उतरून कडुनिंबाच्या सावलीला थांबले होते. सीताफळांचे दिवस होते. माझ्या शेजारी उभ्या असलेल्या एका बाईंनी टोपलीवालीकडून सीताफळे घेतली आणि त्यातले एक, ओळख नसताना, माझ्या हातात ठेवले. सीताफळ खाताना फारसे बोलता येत नाही. आम्ही दोघी दगडावर बसून मुकाट्याने खात राहिलो आणि ड्रायव्हर-कंडक्टरची हुज्जत ऐकत राहिलो. मी बिया डाव्या तळहातावर गोळा करत होते. ते पाहून त्या म्हणाल्या, "शाळा कुठली हो तुमची?"

"औरंगाबादची. कॉन्व्हेंट."

"तरीच. आम्ही थुंकून मोकळ्या होतो."

आणि त्यांनी हसत हसत एक बी लांबवर उडवून दाखवली. आपण काय करता, असे मी विचारले तेव्हा "सरकारी दवाखान्यात असते, लोकांचं ऐकून घेते," एवढेच उत्तर मिळाले. ऐकून घेणे हीसुद्धा नोकरी असू शकते, हे मला तेव्हा ठाऊक नव्हते. मागून दुसरी गाडी आली, गर्दीत त्या पुढच्या दाराने चढल्या, मी मागच्या. नाव विचारायचे राहून गेले.

ताईंना यंदा पंच्याहत्तर वर्षे पूर्ण होत आहेत. त्यांच्या व्यसनमुक्तीच्या कामाचे मोल या गौरवग्रंथात डॉक्टर मंडळी सांगतीलच. मी त्या विषयातली नाही. आयुष्यभर शाळेत इंग्रजी शिकवले आणि निवृत्त झाल्यापासून, पिणाऱ्यांच्या घरच्या बायकांसाठी ताई घेतात त्या गुरुवारच्या बैठकीत मदतीला बसते. ज्या घरात दारू शिरते आणि जे घर मदत शोधत फिरते, त्या बाजूने मी ताईंना पाहिले आहे. तेवढेच लिहिण्याचा मला अधिकार आहे. माझे धाकटे दीर दिगंबर यांच्या परवानगीने त्यांची हकिगत लिहीत आहे. परवानगी मागितली तेव्हा ते म्हणाले, "लिवा वैनी. खरं हाय ते लिवा. फकस्त मला लई गरीब गाय करू नका."

भावजी नेकनूरला शेती पाहतात. माणूस कष्टाळू, बोलायला गोड, बैलांची उत्तम पारख असलेला. त्यांची दारू कधी वाढली, हे बीडमध्ये राहणाऱ्या आम्हाला कळले नाही. त्यांच्या पत्नीला, म्हणजे माझ्या धाकट्या जाऊबाई मंगलला, सगळे कळत होते; पण तिला कोणी विचारले नाही. पुढे घराने जे केले ते आमच्याकडची बहुतेक घरे करतात. सासूबाईंनी त्यांना कपिलधारला नेले, धबधब्याखाली अंघोळ करायला लावली आणि हातात बेल देऊन शपथ घेववली. शपथ काही आठवडे टिकली. मोडली तेव्हा मात्र भावजींनी हाय खाल्ली. आता देवालाही तोंड दाखवायला जागा उरली नाही म्हणून ते आणखी पिऊ लागले. मग कोणीतरी दारू सोडवायची पुडी आणून दिली: चहात मिसळा, त्याला कळू देऊ नका. भावजींना उलट्यांवर उलट्या झाल्या आणि तेव्हापासून त्यांनी घरचा चहाच सोडला. शेवटी माझ्या यजमानांनी त्यांना लांबच्या एका शहरातल्या व्यसनमुक्ती केंद्रात नेऊन ठेवले. तिथे दाराला बाहेरून कुलूप असे. तिथून ते वाळून, गप्प होऊन परत आले आणि फाट्यावर उतरल्या उतरल्या प्यायले.

दसरा जवळ आला होता. एके सकाळी मंगल बीडला आली आणि पिशवी खांद्याला तशीच ठेवून स्वयंपाकघराच्या दारात उभी राहिली.

"आक्का, म्या दसऱ्याच्या आत कड्याला जाणार. माहेरी. लेकरं घेऊन."

"अगं, असं एकदम?"

"एकदम? तुमी मडमेवानी हळू बोलता, म्हून तुमाला समदं एकदम वाटतंय. म्या धा वर्सं झालं सांगतीया."

त्या दिवशी मी शोध सुरू केला. या कामासाठी कोणाकडे जावे, हे विचारायचे कोणाला, हीच पहिली अडचण होती. विचारले की आपल्या घरात कोण पितो, हे गावभर व्हायचे. आठवडाभर मी आडून आडून चौकशी करत होते. ती कोणाच्या लक्षात आली नाही, असा माझा समज होता. मग आमच्या शाळेतल्या एक शिक्षिका मधल्या सुट्टीत, डबा उघडता उघडता, हळूच म्हणाल्या, "चष्मा बदलायचा असेल ना, तर नानांच्या दुकानात जा. मागच्या खोलीत त्यांची बहीण बसते. आमच्या ह्यांनी तिथूनच बदलला." त्यांच्या यजमानांना चष्मा नाही, हे मला घरी पोहोचल्यावर लक्षात आले.

ताई दवाखान्यातून निवृत्त झाल्यावर आपल्या भावाच्या, नानांच्या, चष्म्याच्या दुकानामागे बसू लागल्या होत्या. एक टेबल, दोन खुर्च्या, बाहेर एक बाक. पाटी नव्हती, आजही नाही. पाटी लावा, असा अनेकांनी आग्रह धरला. ताईंचे म्हणणे एकच, "पाटी वाचणारे वाढतील आणि आत येणारे कमी होतील." त्यामुळे बीडच्या कितीतरी घरांतून, शेजाऱ्यांनी विचारले की "चष्म्याचा नंबर काढायला गेलेत" असे उत्तर मिळे. नाना स्वतः म्हणत, "गिऱ्हाईक वाढतंय आणि चष्मे काही खपेनात, असं हे जगातलं एकच दुकान."

मी आत गेले तेव्हा त्यांनी मान वर करून पाहिले आणि म्हणाल्या, "बिया हातात धरणाऱ्या ना?" मला रडू आले. ते का आले, हे आजही नीट सांगता येणार नाही.

त्यांनी सगळे ऐकून घेतले आणि दोन गोष्टी सांगितल्या. पहिली, भावजींना परस्पर दारू बंद करायला लावू नका. "इतक्या वर्षांची दारू एकदम तोडली तर झटके येतात, जीवावर बेततं. आधी डॉक्टर बघतील, औषधं त्यांच्या देखरेखीखाली. माझं काम त्याच्यानंतर." दुसरी, "त्यांना कुठं नेताय, ते खरं सांगून आणा."

पहिली गोष्ट यजमानांना पटली. दुसरी पटली नाही. खरे सांगितले तर तो गाडीत पायच ठेवणार नाही, असे त्यांचे म्हणणे. म्हणून भावजींना सांगण्यात आले की तुझी नजर कमी झाली आहे, डोळे तपासून घेऊ.

ताईंनी त्यांना समोर बसवले, पाणी दिले आणि विचारले, "दिगंबरराव, आज कशासाठी आलात?"

"डोळे दावायला. दादानं आणलंय."

ताईंनी एकदा यजमानांकडे पाहिले, एकदा माझ्याकडे. मग उठून हाक मारली, "नाना, यांचे डोळे तपास रे."

बस्स. दारूचा शब्दही त्यांनी काढला नाही. नानांनी अक्षरांच्या तक्त्यापुढे बसवले. गंमत अशी की भावजींना खरोखरच नंबर निघाला. आम्ही चष्मा घेऊन घरी आलो. यजमान गाडीत धुसफुसत होते, "ही कसली बाई? माणूस समोर आणून बसवला आणि चष्मा लावून परत पाठवला!" मागच्या सीटवरून भावजी म्हणाले, "लई उपकार झाले वैनी. आता बाटलीवरचं बारीक अक्षरबी दिसंल." त्यांना सगळे कळले होते.

दुसऱ्या दिवशी मी एकटी गेले आणि थोड्या रागानेच विचारले. ताईंनी दिलेले उत्तर मी नंतर गुरुवारी येणाऱ्या कितीतरी बायकांना सांगितले आहे. त्या म्हणाल्या, "गल्लीला खोटं सांगा, हवं तर. गल्लीचा काय संबंध? पण त्यांना खोटं सांगू नका. शपथ घेताना त्यांना ढकललं, चहातून फसवलं, केंद्रात डांबलं. चौथी फसवणूक माझ्या हातनं कशाला? उद्या त्यांनी माझ्यासमोर बसून खरं बोलावं, असं मला वाटतं. मग सुरुवात अशी करून कसं चालेल?"

आणि मग म्हणाल्या, "तुमच्या जाऊबाईंना आणा. कुठं जायचंय ते सांगून."

मंगल आली. ताई तिची समजूत घालतील, दसऱ्याला जाऊ नको म्हणतील, अशी माझी अपेक्षा होती. खरे तर म्हणूनच मी तिला नेले होते. ताईंनी तिचे नाव विचारले, मुलांची नावे विचारली आणि मग विचारले, "मंगल, तुम्हाला काय हवंय?"

मंगल पदराचे टोक पिळू लागली. मग म्हणाली, "झोप पायजे. ते घरी येऊस्तोर माझा कान दाराकडं असतोय. आन् आल्यावर तर इचारूच नका."

"मग जा कड्याला. झोपा."

मी मध्येच बोलले, "ताई, अहो, ही गेली तर भावजी हातचे जातील."

ताई शांतपणे म्हणाल्या, "जातील किंवा नाही जाणार. या गेल्यानं ते सुधारतील, असं मी म्हणत नाही. या दमल्यात, म्हणून जातायत. त्यांच्यासाठी आपण आहोतच की."

सासूबाईंनी ताईंना घरमोडी बाई ठरवले. मंगल दसऱ्याआधी मुले घेऊन कड्याला गेली. त्यानंतरचे दिवस वाईट होते. भावजी दिवसाउजेडी पिऊ लागले. शेतावरच्या माणसांनी त्यांना दोनदा बांधावरून उचलून आणले. मी ताईंकडे जाऊन बसत असे. त्या खोटा धीर देत नसत. "त्यांना रोज एक फोन करा. दारूचं काढू नका. जेवलात का विचारा आणि मी इथं बसते, एवढं सांगून ठेवा," इतकेच. माणूस वाचेल की नाही, हे त्यांनाही माहीत नव्हते आणि ते त्यांनी लपवले नाही.

पुढचे मला नानांनी सांगितले. बाजाराचा दिवस होता, दुकानात फ्रेम बघायला आलेली बरीच मंडळी होती. भावजी एकटेच आले. डोळ्यांवर चष्मा होता. नाना सवयीने म्हणाले, "काय हो, नंबर वाढला का?"

भावजींनी चष्मा काढला, सदऱ्याला पुसला, परत लावला. "नंबर ठीक हाय नाना. म्या ताईकडं आलोय. दारूचं बघायला."

एक गिऱ्हाईक फ्रेम ठेवून निघून गेले. दुसरे, फ्रेम हातात तशीच धरून, मागच्या बाकावर जाऊन भावजींच्या शेजारी बसले.

त्याच दिवशी ताई त्यांना डॉक्टरांकडे घेऊन गेल्या. काही दिवस दवाखान्यात काढल्यावर दर आठवड्याची बैठक सुरू झाली. आत काय बोलणे होई, ते मी कधी विचारले नाही आणि ताईंनी सांगितले नसते. बाहेर दिसले ते एवढेच की भावजी एसटीने येत, एसटीने जात, आणि बैठकीच्या दिवशी दाढी करत. एकदा एका लग्नात त्यांचा पाय घसरला. दुसऱ्या दिवशी सकाळीच त्यांनी फोन केला, तेव्हा मी ताईंसमोरच होते. ताईंनी ऐकले आणि म्हणाल्या, "सांगितलंत, बरं केलंत. आज घेतलीय का? नाही ना? मग दुपारच्या गाडीनं या. जेवून या." फोन ठेवून त्यांनी माझ्याशी आधीचे अर्धवट राहिलेले बोलणे पुढे सुरू केले. भावजी पुढे मला म्हणाले, "वैनी, शपथ मोडल्यावर फोन कुणाला करावा? देवाला फोन न्हाई. हितं फोन होता."

मंगल परत आली ती कोणाच्या विनवणीवरून नाही. चैत्रात, तिच्या मनाला आले तेव्हा, ती एकटी नेकनूरला येऊन दारात उभी राहिली आणि म्हणाली, "म्या बगायला आलेय. ऱ्हायला न्हाई." त्याला आता कितीतरी वर्षे झाली. मुलांची लग्ने झाली. विचारले तर ती अजूनही सांगते, बघतेच आहे म्हणून.

एकाच घराची हकिगत लांबली. पण ताईंचे मोठेपण मला दुसऱ्या एका प्रसंगात अधिक दिसले. एका मोठ्या, राजकारणातल्या घराण्यातला तरुण त्यांच्याकडे येत असे. महिनाभर तो केवळ हवापाण्याच्या गप्पा मारून जाई. एके दिवशी ताईच त्याला म्हणाल्या, "तुमच्या आईला मी ओळखते, म्हणून तुमची जीभ अडते. तुमच्यासाठी दुसरं कोणीतरी बघू." त्यांनी शेजारच्या जिल्ह्यातले एक समुपदेशक शोधले, त्यांच्याशी आधी स्वतः बोलल्या आणि पहिल्या दिवशी त्या तरुणासोबत एसटीने गेल्या. तिथे बाहेर बाकावर बसून राहिल्या. मी म्हटले, ताई, इतका त्रास कशाला? त्या म्हणाल्या, "माझ्याकडेच बरं व्हायला पाहिजे, असा काही नेम आहे का? चपलेचं माप जमेना तर दुकानदार दुसरी दाखवतो. तो काय रागावतो?" सल्लागार शोधणाऱ्या घरांना त्या आवर्जून सांगतात की एकाकडे जमले नाही म्हणजे माणूस वाया गेला असे समजू नका, आणि खात्रीने बरे करतो म्हणणाऱ्यापासून जरा लांब राहा.

दसरा झाला की आपल्याकडची गावे रिकामी होतात, ऊसतोडीला गेलेली माणसे पार उन्हाळ्यापर्यंत येत नाहीत. ताईंकडे येणाऱ्यांतलेही अनेक जण जातात. त्यांच्यासाठी ताई संध्याकाळचा फोन राखून ठेवतात. एका वर्षी त्या थेट उसाच्या फडावर गेल्या. मी सोबत होते. तोडणी मजुरांच्या कोपीसमोर, म्हणजे झोपडीसमोर, पोहोचल्यावर तिथला कारभारी ओशाळून म्हणाला, "ताई, हितं खुर्ची न्हाई बगा."

"मग तुम्ही कशावर बसता?"

"पाचटावर."

"मग सरका की."

आणि उसाच्या वाळल्या पाल्यावर बैठक मारून त्या बोलू लागल्या. सगळे हसले. मला मात्र बसता येईना, साडी चुरगळेल म्हणून मी उभीच. "या बाई कॉन्व्हेंटच्या आहेत, त्यांना सवड द्या," असे ताईंनी सांगितले आणि पुन्हा हशा पिकला.

ही थट्टा त्या आजही करतात. नव्या औषधांविषयी, नव्या पद्धतींविषयी इंग्रजीत काही आले की मला बोलावतात. मी वाचून मराठीत सांगते. शाळेतल्या सिस्टर आम्हाला मोठ्याने, स्वच्छ वाचायला लावत. ते वाचन पुढे एका चष्म्याच्या दुकानामागे उपयोगी पडेल, असे त्यांच्या स्वप्नातही आले नसेल. मध्येच ताई थांबवतात आणि विचारतात, "हे आपल्या माणसाला कसं सांगायचं?" मग आम्ही दोघी शब्द शोधत बसतो. माझ्या उतारवयातल्या सुखाच्या वेळा या.

ताईंचे गुडघे आता कुरकुरतात, दुकानाच्या दोन पायऱ्या चढताना त्या नानांचा खांदा धरतात. पण ऐकण्यात उणे आलेले नाही. त्यांना निरोगी, दीर्घ आयुष्य लाभो, जेवणाची चव आणि दुपारची झोप टिकून राहो, आणि त्यांच्या खोलीत आता जी तरुण मुलगी शिकायला बसते, ती तयार झालेली त्यांना निवांतपणे पाहता येवो, अशी आम्हा सर्वांच्या वतीने मनापासून इच्छा व्यक्त करते.

समारंभाविषयी ताईंनी काही गोष्टी बजावून सांगितल्या आहेत. गौरव समितीची सदस्य म्हणून त्या इथेच लिहून ठेवते. शाली येतील त्या गुरुवारच्या बैठकीतल्या बायकांना द्याव्यात, पण व्यासपीठावर बोलावून नाही. थंडीत, बैठक संपल्यावर, ज्या उरतील त्यांना. नारळ आणि फळे दवाखान्यातल्या वॉर्डच्या मावशींकडे पोहोचवावीत. हार आणू नयेत. आणलेच तर नानांच्या गळ्यात घालावेत, त्यांना हौस आहे. मानपत्राची चौकट ताईंना नको आहे. ती त्यांच्याकडे शिकणाऱ्या मुलीला द्यावी, तिने आतला कागद काढून आपल्या आईचा फोटो लावला तरी चालेल, असा निरोप आहे. या ग्रंथाच्या प्रती दाराशी टेबलावर ठेवाव्यात. कोण घेतो, कोणासाठी घेतो, हे कोणी विचारू नये.

पहिली प्रत मंगलची. हा लेख मी तिला वाचून दाखवला आहे. तिने एक वाक्य काढायला लावले, ते काढले. समारंभाच्या दिवशी ती शेतात असेल, येणार नाही म्हणाली आहे. प्रत नेकनूरला घरी नेऊन तिच्याच हातात द्यावी. भावजी दारातच असतील आणि मी देतो म्हणतील. त्यांच्याकडे देऊ नये.